चार बोटं आणि एक अंगठा

"शीतल म्हणते, सिलिकॉनचा हीट पेंट पुरेल," पोळीचा तुकडा मोडत देवदत्त म्हणाला.

मंगळवारपासून हे वाक्य मी पाचव्यांदा ऐकत होते. मी काही मोजायला बसत नाही, पण कळतं.

"आणि मी काय म्हणते ते?"

"तुझं सिरॅमिक कोटिंग ना? तेही करतोय गं. दोन्ही सॅम्पल करतोय."

देवदत्तचं साकीनाक्याला छोटं वर्कशॉप आहे. मासेमारी बोटींच्या डिझेल इंजिनांना लागणारे एक्झॉस्ट पाइप तो बनवतो. मनोरीच्या बोटमालक भाऊरावांनी गेल्या वर्षी दुसरीकडून पाइप घेतले होते, साध्या पावडर कोटिंगचे. इंजिनाच्या उष्णतेने ते आधी पिवळे पडले, मग त्यांचे पापुद्रे निघाले आणि उरलेलं काम खाऱ्या हवेने केलं. आता त्यांना चाळीस बोटींसाठी नवे पाइप हवे होते. अट एकच: दोन सॅम्पल त्यांच्यासमोर इंजिनावर तापवायची, तापलेल्या पाइपवर खारं पाणी मारायचं. जे टिकेल ते चाळीसही बोटींना लागेल.

नीला व्हायच्या आधी मी एका पेंट कंपनीच्या लॅबमध्ये तीन वर्षं हेच करत होते. पत्रे तापवायचे, मिठाच्या फवाऱ्यात ठेवायचे, फुगे मोजायचे. आता नीला दहा महिन्यांची आहे आणि मी तिचे श्वास मोजते. झोपली की छातीवर हात ठेवून बघते. आई म्हणते, वेड लागेल तुला. आणि तिकडे वर्कशॉपमध्ये शीतल आहे. घाटकोपरची, डिप्लोमा झालेली, सव्वीस वर्षांची. हातात स्प्रे गन, केस टोपीत खोचलेले. मी एकदाच भेटले होते. "वहिनी, बाळाला घेऊन या ना एकदा," म्हणाली होती. चांगलं बोलली की मला जास्तच राग येतो तिचा.

देवदत्त तिला 'तू' म्हणतो. ती त्याला 'सर' म्हणते. हे दोन्ही मला खुपतं.

त्या दिवशी चारकोपच्या युनिटमध्ये शीतलने ब्लास्ट केलेले दोन्ही पाइप घेऊन तो आला होता. वाळूसारख्या बारीक कणांचा मारा करून धातू खरखरीत करतात, म्हणजे रंग पकड धरतो. घर वाटेवरच, म्हणून जेवायला थांबला. दोन्ही पाइप ब्राऊन पेपरमध्ये गुंडाळलेले, दाराशी ठेवलेले. त्यातल्या एकावर मार्करने लिहिलं होतं: 'सिलिकॉन. हात लावू नका. शीतल.' खाली दोन रेघा.

देवदत्त हात धुवायला गेला. मी नुकतीच नीलाची मालिश संपवली होती. हात ओढणीला पुसले होते, चांगले पुसले होते. कागद उलगडला आणि पाइप हातात घेतला. ब्लास्टिंग किती खोल झालंय ते बोटांनीच कळतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे मला तिचं काम बघायचं होतं. कुठे कच्चं राहिलंय का, ते.

काम उत्तम होतं. मी कागद होता तसा गुंडाळून ठेवला.

शनिवारी सकाळी नीलाला आईकडे ठेवून मी साकीनाक्याला गेले. रिक्षातून आईला तीन फोन केले. वर्कशॉपमध्ये जुनं इंजिन सिमेंटच्या ओट्यावर बसवलेलं, त्याला दोन्ही पाइप जोडलेले. दोन्ही भट्टीत व्यवस्थित भाजून घेतलेले, दिसायला झकास. भाऊराव प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी मनोरीहून समुद्राच्या पाण्याचा कॅन स्वतः आणला होता.

"तुमच्या नळाचं पाणी आणि मीठ नको मला, शेठ. आमचा दर्या वेगळा."

दोन तास इंजिन धडधडत होतं. मग भाऊरावांनी मगने पाणी मारलं. फस्स करून वाफ उठली. पुन्हा मारलं. पुन्हा. वाफ विरली तेव्हा माझा सिरॅमिकचा पाइप होता तसाच होता. शीतलच्या पाइपचा रंग मधोमध फुगून उचलला गेला होता.

मला आधी आनंदच झाला. खोटं कशाला लिहू.

शीतल टॉर्च घेऊन वाकली. "सर, हे फुगे सगळीकडे नाहीत. हे बघा. एक, दोन, तीन, चार. आणि मागे अंगठा. कोणीतरी तेलकट हात लावलाय."

माझा आनंद तिथेच थिजला.

"कोणीतरी म्हणजे?" देवदत्तचा आवाज चढला. "ब्लास्टिंगनंतर पीस तुझ्याच हातात होता ना? ग्लोव्ह्ज घातले नव्हते?"

"घातले होते, सर." ती थांबली. "टेप काढताना एक फाटला होता. बदलला मी लगेच. पण... असेल. माझाच असेल."

"असेल म्हणून कसं चालेल, शीतल? कस्टमर समोर बसलाय!"

"ओरडू नका हो पोरीवर," भाऊराव म्हणाले. "दुसरा टिकला ना? तो फायनल करा. कोणाची आयडिया ती?"

"हिची." देवदत्तने माझ्याकडे बोट दाखवलं. "माझी बायको. पेंट कंपनीच्या लॅबमध्ये होती." आणि मग हळूच, फक्त मला, "चुकलंच माझं, इरा. आधीच ऐकायला हवं होतं. सोमवारपासून येतेस का इथे? नीलाचं बघू काहीतरी."

दीड वर्ष मी याच वाक्याची वाट बघत होते.

चहा आला. पाइप गार झाला तशी शीतल त्याच्याजवळ गेली, ग्लोव्ह काढला आणि आपली बोटं त्या फुग्यांवर ठेवून बघितली. तिची बोटं आखूड. करंगळी पेरभर कमी पडत होती. तिने हात उचलला, पुन्हा ठेवला. मग माझ्याकडे वळली.

"वहिनी, तुम्ही लॅबमध्ये होतात ना. तापल्यावर डाग पसरतो का हो? म्हणजे ठसा मोठा होतो का?"

टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. मी 'हो, पसरतो' म्हटलं असतं तर तिने ते आयुष्यभर खरं मानलं असतं, आणि पुढच्या पोरीलाही शिकवलं असतं.

"नाही पसरत," मी म्हणाले. "तो माझा हात आहे."

देवदत्तने कप खाली ठेवला. "काय?"

"तू जेवायला आला होतास तेव्हा. कागद उघडून बघितला मी. मालिश करून उठले होते."

शीतल माझ्याकडे बघतच राहिली. "मी लिहिलं होतं त्यावर."

"वाचलं."

"मग?"

"तू लिहिलं होतंस म्हणूनच उघडलं."

भाऊरावांनी बशीतला चहा संपवला. "घरचा मामला आहे शेठ तुमचा. पण आजची टेस्ट काही खरी नाही. मी पुढच्या शनिवारी येतो. मात्र शेवटचा."

मला वाटलं, शीतल आता 'जाऊ द्या वहिनी' म्हणेल. ती म्हणाली नाही. ग्लोव्ह चढवला आणि देवदत्तला म्हणाली, "सर, दोन्ही पाइप परत ब्लास्ट होणार. एकच नाही, दोन्ही. नवी टेस्ट दोन्हींना सारखी पाहिजे. मी स्वतः घेऊन येणार चारकोपहून. आणि मधे कोणी घरी जेवायला जायचं नाही."

"बरं," देवदत्त म्हणाला. माझ्याकडे न बघता.

सोमवारचं कोणी पुन्हा काढलं नाही.

पुढच्या शनिवारी मी घरी होते. दुपारी देवदत्तचा फोन आला. दोन्ही पाइप टिकले होते. मग भाऊरावांनी खिशातून किल्ली काढून दोन्हींवर ओरखडे काढले आणि विचारलं, जेट्टीवर खरवडला गेला तर काय करायचं? शीतलने छोटा डबा आणि ब्रश पुढे केला. ओरखडा घासायचा, रंग लावायचा, पुढच्या फेरीत इंजिनच तो भाजून काढतं. सिरॅमिकचा पाइप भट्टीत भाजायला परत साकीनाक्याला आणावा लागला असता.

"चाळीसही सिलिकॉनचे," देवदत्त सांगत होता. मागे कोणीतरी हसत होतं, तीच असणार. "तिने हे आधीच सांगितलं होतं गं मला, माझंच डोकं चाललं नाही. फोटो पाठवलाय, बघ."

मी फोटो मोठा करून पाहिला. कोपरान् कोपरा. एक फुगा नव्हता, एक ओघळ नव्हता.

"छान झालंय," मी म्हणाले. "सांग तिला."

खरंच छान झालं होतं. तो पाइप समोर असता, तर मी उचलून मनोरीच्या खाडीत फेकला असता.