वेशीवरचा पाहुणा

"बाई, हा खारींचा खेळ घ्या ना," काजल म्हणाली.

मुरबाडच्या वाचनालयातल्या लांब टेबलावर तीन खोकी उघडून ठेवलेली होती. पुण्याच्या एका संस्थेने सुट्टीतल्या शिबिरासाठी ती पाठवली होती. तिन्ही खेळांची रीत एकच. एकाने गोष्ट सांगायची, मुलांनी गोष्टीतली माणसं व्हायचं, आपलं माणूस आता काय करतंय ते बोलायचं, आणि अडलं की फासा टाकून जमलं की फसलं ते ठरवायचं. दिवस पंधराच, म्हणजे खेळ एकच होणार होता. तो निवडायचं काम वाचनालयातल्या मदतनीस राहीकडे होतं.

भुयारातल्या राक्षसांच्या खेळाचं नियमांचं पुस्तकच दोनशे पानांचं. ते तिने लगेच मिटलं. खारींच्या खेळात हरवलेली पिल्लं शोधून घरी पोचवायची होती. काजलसकट शिबिरात नाव घातलेल्या आठही मुलांना तो हवा होता, आणि राहीचंही मन त्याच्यावरच होतं.

तेवढ्यात शेलवलेसर आले. निवृत्त शिक्षक, आता वाचनालयाचे अध्यक्ष. नात भाविकाचं नाव घालायला आले होते.

"समारोपाला आम्ही सगळे येऊ," ते म्हणाले. "तुमचं गाव कुठलं, बाई?"

"वैशाखरे. वरची वाडी."

"असं? मराठी मात्र अगदी स्वच्छ आहे तुमची."

त्यांनी तिला ओळखलं नव्हतं.

पाचवीत याच माणसाने राहीला बाकावर उभं केलं होतं. घरी कशी बोलतेस ते बोलून दाखव, म्हणाले. ती बोलली. वर्ग हसला. "मोठ्याने. मागच्यांना ऐकू आलं नाही." असं पाच-सहा वेळा. त्यानंतर दहावीपर्यंत राही वर्गात हो आणि नाही एवढंच बोलली. शाळेसाठी ती मुरबाडला राहायची; सुट्टीत घरी गेली की आईच्या, बाईजाच्या, प्रत्येक शब्दाला चूक काढू लागली. पुढेपुढे बाईजा लेकीसमोर गप्पच राहायला लागली. गेली तीही तशीच, गप्प.

सर गेल्यावर राहीने खारींचं खोकं बंद केलं आणि तिसरं पुढे ओढलं. 'वेशीवरचा पाहुणा'. परका माणूस गावाच्या वेशीवर येतो. गावाच्या बोलीत पाणी मागता आलं तरच त्याला आत घेतात. बोली कुठली, ते खेळ चालवणाऱ्याने ठरवायचं.

"आणि खारी?" काजलने विचारलं.

"पुढल्या सुट्टीत." मग राही तिच्याजवळ वाकली. "तू घरी पानी कसं मागतंस गो?"

काजलने चमकून वर पाहिलं. ती डोंगरातल्या वाडीतली, शाळेसाठी मुरबाडला मामाकडे राहणारी. तोवर तिने सगळं खालच्या आवाजात विचारलं होतं.

"मना पानी दे गो," ती म्हणाली आणि लाजली.

राहीने तिलाच गावची म्होरकी केलं. बारा दिवस काजल टेबलाच्या टोकाला बसून फासा टाकत होती, वेशीवर आलेल्यांना परत पाठवत होती. "तसा नाय बोलायचा," असं भाविकालाही दटावत होती. मुलं दिवसभर 'मना, मना' करत हिंडत होती. खेळ खरोखर रंगला होता. राही मात्र समारोपाच्या रविवारची वाट बघत होती.

रविवारी अकरा वाजता खुर्च्या भरल्या. राही उठून उभी राहिली. "आजचे पाहुणे म्हणून अध्यक्षांनीच खेळावं, अशी मुलांची इच्छा आहे."

मुलांनी असं काही म्हटलं नव्हतं. सर मात्र खुशीत पुढे आले. वरच्या कप्प्यातली पुस्तकं काढायचं स्टूल राहीने समोर ठेवलं. "हा वेशीचा दगड. यावर उभं राहायचं असतं, सर."

ते चढले. "मला पाणी द्या."

"नाय," मुलं ओरडली. काजलने फासा टाकला. दोन पडले, म्हणजे फसलं.

"मना म्हणा, आजोबा," भाविका कुजबुजली.

"मना पाणी दे."

"मोठ्याने, सर. मागच्यांना ऐकू आलं नाही."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. पाहतच राहिले. मग मोठ्याने म्हणाले, "मना पानी दे गो."

सगळी खोली हसली. "सर पार वाडीवरचे झाले की," मोबाईलवर चित्रण करणारा एकजण म्हणाला.

"पुन्हा," राही म्हणाली.

त्यांनी पुन्हा म्हटलं. हशा वाढला.

"पुन्हा."

सरांचा हात आधारासाठी हवेत काहीतरी शोधत होता. राहीला बरं वाटलं. पंचवीस वर्षांत इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

मग तिचं लक्ष काजलकडे गेलं. काजल सरांकडे बघत नव्हती. हसणाऱ्यांकडे बघत होती. मागच्या रांगेतली एक बाई नाक मुरडून आपल्या मुलाला "मना, मना" करून दाखवत होती. काजलने मुठीतला फासा टेबलावर ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

"पाहुण्याला आत घ्या," राही घाईने म्हणाली. त्या गोंगाटात ते कुणाला ऐकूच गेलं नाही. भाविकाने आजोबांचा हात धरून त्यांना खाली उतरवलं.

कार्यक्रम संपल्यावर सर तिच्यासमोर येऊन थांबले. "पाचवी ब?"

"हो."

त्यांनी मान हलवली. भाविकाच्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरले.

खोली रिकामी झाली. काजल एकटीच फासे आणि नियमांचं पुस्तक खोक्यात भरत होती.

"काजल, थांब गो. मी येते तुज्यासंगं."

"नको, बाई." काजल एकेक शब्द जपून बोलली. "मी एकटी जाईन. मला रस्ता माहीत आहे."

तिने खोक्याचं झाकण नीट बसवलं, चपला घातल्या आणि ती गेली. राही दारातच उभी राहिली. 'मना' नाही, 'मला' म्हणाली होती ती.