रडणारी राणी आणि गार बाटली

मुलांनो, जरा डोळे मिटा. तुम्ही राजधानी बघायला आला आहात. जुन्या राजवाड्याच्या तळघरात दाटीवाटीने उभे आहात. समोर पितळेची राणी आहे, आणि बघता बघता तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळू लागतं.

"प्रजेच्या दुःखाने रडते," गाईड लाल झेंडी उंचावून सांगत होता. "हे अश्रू डोळ्यांना लावा, चष्मा इथेच ठेवून जाल."

हे औषध त्याने स्वतःच रचलं होतं, एका कंटाळलेल्या घोळक्याला हसवायला. पण रोज सांगून सांगून ते त्यालाच पटलं. आपल्याच थापेला इतकं भोळं गिऱ्हाईक त्याला दुसरं मिळालं नसतं.

म्हणून तर आज त्याने लेकीला आणलं होतं. तिचा डोळा सुजून लाल झाला होता. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात बोलावलं होतं, ते टाळून तो इथे आला होता. त्याने राणीच्या गालावरून बोट फिरवलं.

"थांब बाबा," लेक मागे सरली. "मघाशी आपण दोघंच होतो, तेव्हा ही का रडत नव्हती?"

"प्रजा नसताना कोणासाठी रडेल?"

"मग मी कोण?"

 

लेकीने पिशवीतून गार पाण्याची स्टीलची बाटली काढली आणि तिच्यावर तोंडाची वाफ सोडत राहिली. पत्रा धुरकटला, मग एक थेंब ओघळला.

"ही पण रडते. हिला कसलं दुःख?"

"शाळेत जावं लागतं, त्याचं," घोळक्यातल्या आजी म्हणाल्या.

सगळे हसले. राणीचं धातूचं अंग तळघरात गार पडलेलं. माणसांच्या श्वासातली वाफ त्यावर बसायची, तिचं पाणी व्हायचं आणि डोळ्यांच्या खाचांत साठून ओघळायचं.

गाईडने आपलं बोट पाहिलं. काळं झालं होतं. धूळ, आणि रोज गालाला हात लावणाऱ्यांचा मळ. हे तो लेकीच्या डोळ्यात घालणार होता.

"म्हणजे इतकी वर्षं मी काय सांगत होतो?"

"गोष्ट. छान सांगतोस. फक्त औषध नको सांगू."

मुलांनो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच विचारा: हे केव्हा होत नाही?

आणि लेकीने पुढे काय केलं? बाबाच्या हातातली झेंडी घेतली, उंच धरली आणि जिना चढून दवाखान्याची वाट धरली. बाबा मागे निघाला. झेंडीमागे चालायची सवय झालेला सगळा घोळकाही.