पाच पाकळ्यांची चाकं

मी कपडे शिवते. आमच्या पुएब्ला शहरात मुलगी पंधरा वर्षांची झाली की तिचा मोठा समारंभ होतो. त्यासाठी मायलेकी माझ्या दारात येतात, आणि त्यांना गुलाबी झालरींच्या मोहातून सोडवण्यात माझा अर्धा जन्म गेला आहे. "बाई, वीस वर्षांनी हा फोटो बघाल आणि तोंड लपवाल," असं मी सरळ सांगते. काही गिऱ्हाइकं तुटतात. तुटू देत. माझ्या स्वतःच्या पंधराव्या वाढदिवसाच्या फोटोत बाह्या कलिंगडाएवढ्या आहेत, आणि पापांनी तो फोटो बैठकीच्या खोलीत मधोमध लावलाय. तेव्हा या विषयात बोलायचा मला अधिकार आहे.

हे सांगायचं कारण एवढंच, की पापांच्या वोचोला, म्हणजे त्यांच्या छोट्या मोटारीला, चाकं निवडताना मी हाच शहाणपणा पाजळला.

माझे पापा, फिदेन्सियो, अठ्ठावीस वर्षं मोटारीच्या कारखान्यात होते. गोल पाठीच्या त्या छोट्या वोचो एकामागून एक सरकत यायच्या आणि पापा त्यांना चाकं चढवायचे. एकेका चाकाचे चार बोल्ट आवळायचे, आणि आवळून झालेल्या प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचे, अर्धा बोल्टवर, अर्धा चाकावर. बोल्ट पुढेमागे सैल झाला तर ठिपका तुटलेला दिसतो. कारखाना सोडताना त्यांनी स्वतःसाठी एक पांढरी वोचो घेतली. तिची चाकं साधी लोखंडी. त्यांच्या मधल्या चकचकीत वाट्या पापांनी पहिल्याच दिवशी काढून टाकल्या, कारण वाटीखाली ठिपके झाकले जातात. दरवर्षी जानेवारीत ते बारीक ब्रश घेऊन फुटपाथवर मांडी घालायचे आणि सोळाच्या सोळा ठिपके पुन्हा रंगवायचे. आई म्हणायची, "माझ्या नखांना कधी एवढ्या प्रेमानं रंग लावला नाहीत."

पण मनात त्यांच्या वेगळंच होतं. रस्त्यात एखादी वोचो पाच पाकळ्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांवर उभी दिसली की पापा थबकायचे आणि मला म्हणायचे, "अम्पारो, बघ. जन्मभर मी दुसऱ्यांच्या गाड्यांना लोखंड चढवलं. एकदा आपल्या गाडीला ही घालायचीत." आई लगेच म्हणायची, "आधी छताचं गळणं थांबवा, मग पाकळ्या." छत दुरुस्त झालं, आई गेली, आणि पाकळ्या राहिल्या त्या राहिल्याच.

मग पापा विसरायला लागले. आधी नावं गेली, मग वार. एकदा मला सुई मागताना त्यांनी तिला 'ते टोचणारं पोर' म्हटलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. नंतर हसणं बंद झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यांना कोंडून ठेवू नका, चालू दे. फक्त घरातल्या ओळखीच्या वस्तू हलवू नका." मी खुर्चीसुद्धा इंचभर सरकवली नाही. तो कलिंगडाच्या बाह्यांचा फोटोही तिथेच ठेवला. रोज सकाळी पापा पावाच्या दुकानात, मग देवळात, मग चौकातल्या बाकावर आणि बारापर्यंत परत. आले की गाडीपाशी वाकायचे, चारही चाकांच्या ठिपक्यांवरून बोट फिरवायचे आणि मग दार ढकलायचे. मला ती जुनी सवय वाटायची.

त्या मार्चमध्ये त्यांना ऐंशी पूर्ण होणार होती. मी ठरवलं, आता नाही तर कधी? अजून त्यांना गाडी कळते, आनंद कळतो. पुढच्या वर्षाचं कोण सांगणार?

नाबोरचं चाकांचं दुकान रेल्वेच्या रुळांपलीकडे आहे. नाबोर पापांपेक्षा वीस वर्षांनी लहान, पण कारखान्यात काही काळ त्यांच्या हाताखाली होता. मला बघितल्याबरोबर ओरडला, "या, या, अम्पारोबाई! आज चाकांना झालर लावायची का?"

"झालर तुझ्या दुकानालाच आहे," मी म्हटलं. भिंतभर ती भली मोठी, आरशासारखी चमकणारी चाकं टांगलेली. "हे काय आहे? ट्रकचं?"

"पोरं नेतात हल्ली. वोचोलाच घालतात."

"लहान पोरीनं आईच्या उंच टाचा घातल्यासारखं दिसत असेल."

"दिसतं. पण मी बोलत नाही, मला पोट आहे." त्यानं मागून पाच पाकळ्यांचं एक चाक काढून टेबलावर ठेवलं. "तुझ्या बापाला हे हवं होतं ना? आता यातही तीन प्रकार आहेत. पूर्ण चकचकीत, काळं, आणि हे असं, कडा घासलेली आणि आतून मंद राखाडी."

मी तासभर तिथे होते. दुसरी बाई तेवढ्या वेळात नवरा निवडेल. चकचकीत मी बाजूला सारलं, ते आज डोळ्यांत भरतं आणि दोन वर्षांनी खुपतं. काळं आत्ताच्या चालीचं, म्हणजे लवकरच मागच्या चालीचं होणार. राहिलं मंद राखाडी. त्याचं माप मूळच्या चाकाएवढंच घेतलं, कारण चाक मोठं केलं की टायर बारीक होतो आणि गाडी काटकुळ्या पायांवर उभी असल्यासारखी वाटते. नाबोरनं एक चाक गाडीला टेकवून धरलं आणि मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघितलं. आधी गाडी दिसली, तिची ती गोल पाठ, आणि मग सावकाश चाक. कपड्याचंही असंच असतं, आधी बाई दिसली पाहिजे.

"हेच," मी म्हटलं. "पन्नास वर्षांपूर्वीही चाललं असतं आणि पन्नास वर्षांनीही चालेल."

"तुझी नजर आहे हं पोरी. फिदेन्सियो रडेल बघ." जुनी चाकं दुकानात ठेवून जायची रीत असते. चाकं बसवली त्या दिवशी नाबोरनं ती बोल्टांसकट कोपऱ्यात रचली. नव्यांना नवे बोल्ट लागतात. "ही जुनी घेऊन जातेस का?" त्यानं एकदा विचारलं होतं. "घरात जागा कुठाय," असं मी म्हणाले होते. हे वाक्य मी अजून ऐकते.

वाढदिवसाच्या सकाळी पापा फेरीला गेल्यावर मी गाडी नेऊन चाकं बसवून आणली. नेहमीच्याच जागी, फुटपाथला अगदी नेहमीइतकी चिकटवून उभी केली. केक मांडला. तेवढ्यात एक मुलगी झगा अंगावर घालून बघायला आली. मी खिडकीपाशीच तिच्या घेराची दुमड टाचत होते, तोंडात सहा टाचण्या, डोळे रस्त्यावर.

बाराला पापा आले. गाडीपाशी थांबले, वाकले. पुढच्या चाकावरून बोट फिरवलं, मग मागच्या. पलीकडे जाऊन तिथलीही दोन्ही बघितली. सरळ उभे राहिले. माझ्या खिडकीकडे त्यांची नजर गेली, आणि कुणा परक्या बाईच्या घरात डोकावलं गेल्यासारखं त्यांनी टोपीला हात लावून माफी मागितली. मग चालायला लागले.

मला हसू आलं. खरंच सांगते, हसू आलं. वाटलं, म्हातारा बहकला आनंदानं, आता चौकातल्या मित्रांना ओढून आणणार गाडी दाखवायला. तोंडात टाचण्या होत्या, हाक मारता येईना. दुमड पुरी करायला मला पाच मिनिटं लागली. पाच मिनिटांनी रस्त्यावर कुणी नव्हतं.

दोन दिवस सगळी वस्ती पापांना शोधत होती. भंगार घेणाऱ्या माणसानं आपल्या गाडीच्या भोंग्यावरून त्यांचं नाव पुकारत गल्ल्या पालथ्या घातल्या. आम्हाला सगळ्यांना वाटलं की ते कारखान्याकडे गेले असणार, जुन्या बसथांब्याकडे. तिकडेच शोधत राहिलो. मी पांढऱ्या गाडीतून हिंडत होते आणि लोक चौकात मला थांबवून म्हणत होते, "काय सुंदर चाकं हो!" एकाला मी शिवी दिली.

दुसऱ्या संध्याकाळी दमून दारात बसले होते. समोर गाडीचं चाक. माझं बोट आपोआप बोल्टवर गेलं, जसं त्यांचं जायचं. गुळगुळीत, कोरा बोल्ट. आणि मला उमगलं. घराचा नंबर पापांना केव्हाच आठवत नव्हता. दाराचा रंगही नाही, कदाचित माझा चेहराही नाही. ते रोज त्या सोळा ठिपक्यांकडे परत येत होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून मी घरातली एकही वस्तू हलवली नाही. गाडी घराबाहेर होती, तिचा विचारच केला नाही.

मी नाबोरकडे धावले. "जुनी चाकं कुठायत?"

"गेली. रताळ्याची मिठाई विकते ना, ती सिरिलाबाई, बाजाराच्या मागे, तिनं त्याच दुपारी नेली. का गं?"

बाजाराच्या मागे, देवळाच्या भिंतीला लागून सिरिलाची वोचो उभी होती. निळी. आणि तिच्या पुढच्या चाकाशी, खांद्यावर कुणाची तरी शाल घेऊन पापा बसले होते. हातात मक्याच्या गरम लापशीचा पेला.

सिरिला कमरेवर हात ठेवून माझ्याकडे आली. "तुमचे का हे? कालपासून हलत नाहीत. पोलिसांनाही सांगितलं मी. म्हणतात माझी गाडी. मी म्हटलं, आजोबा, तुमची पांढरी म्हणता ना, ही निळी आहे. तर मला म्हणतात, रंगाचं खातं वेगळं, ते मला काय विचारता?" ती हसली, आणि माझा चेहरा बघून थांबली. "रात्री घरात बोलावलं हो मी. आले नाहीत. थंडी होती."

मी खाली बसले. "पापा, चला घरी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत ताप होता. "गाडी सोडून कसा येऊ? पोरगी काळजी करील."

सिरिला देवमाणूस. एक शब्द न विचारता तिनं चाकं परत दिली. नाबोर जॅक घेऊन आला आणि तिथेच, देवळाच्या भिंतीपाशी, अदलाबदल केली. पाच पाकळ्या निळ्या गाडीला, लोखंड आमच्या पांढरीला. पापांनी एकाही बोल्टला नाबोरला हात लावू दिला नाही. सोळाच्या सोळा त्यांनी स्वतः आवळले. निळ्या गाडीला त्या पाकळ्या आमच्या गाडीपेक्षाही शोभल्या. माझी निवड चुकली नव्हती, हेच मला सहन होत नाही.

ताप आठवडाभरानं उतरला. पण माणूस जो तिकडे गेला तो पुरता परत आला नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, हे होणारच होतं, आज ना उद्या. असेलही. पण तो 'उद्या' मी ओढून आणला, मंद राखाडी रंगाच्या, योग्य मापाच्या चाकांनी.

परवा दुपारी पापा त्यानंतर पहिल्यांदा बाहेर गेले. मी दहा पावलं मागे. पावाचं दुकान, देऊळ, बाक. परत येताना गाडीपाशी वाकले. एक, दोन, तीन, चार... मोठ्यानं मोजत चारही चाकं फिरले. "सोळा," म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला. माझा जीव भांड्यात पडला. मी पुढे होऊन दार उघडलं.

पण ते आत आले नाहीत. फुटपाथवर, चाकाला पाठ टेकून बसले आणि माझ्याकडे बघून अदबीनं हसले.

"बाई, तुम्ही फार केलंत माझ्यासाठी. आता जा तुम्ही. माझी मुलगी येईलच एवढ्यात. गाडी इथे आहे म्हणजे तिला मी सापडेन."

"कोण मुलगी?" मी विचारलं. का विचारलं, कोण जाणे.

"अम्पारो. कपडे शिवते. जरा तिखट आहे, पण येते. उशीर करते, पण येतेच."

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी सरकून जागा दिली. आम्ही दोघं रस्त्याच्या टोकाकडे बघत तिची वाट पाहत राहिलो.