सोनं घेऊन पळालेला उंट

मी उंट बोलतोय. हो, तोच! हार्विकसाहेबाचं सोनं पाठीवर घेऊन पळालेला. ऑस्ट्रेलियाच्या या तांबड्या वाळवंटात कुठल्याही गुत्त्यात जा, माझी बदनामी ऐकाल. आज जरा माझं ऐका.

माझा जन्म इथलाच. आई मात्र कराचीहून जहाजातून आलेली, उंटवाल्या जरदाद खानाबरोबर. माझ्या नाकात वेसण टोचली त्यानेच, आणि नाक पिकलं तेव्हा रात्रंदिवस हळद लावली तीही त्यानेच. "जरदादचा उंट कधी सुटत नाही," असं सगळे म्हणायचे. त्या नावावरच त्याची भाकरी होती.

हार्विक आला तो ॲडलेडच्या शेठ लोकांचे पैसे घेऊन. म्हणे तरुणपणी तहानेने मरता मरता त्याने सोन्याची भलीमोठी शीर पाहिली होती. खूण काय, तर पाठीला पाठ लावून रुसलेल्या दोन टेकड्या! अशा टेकड्या इथे पावलोपावली. जरदादला आणि मला भाड्याने घेऊन तो उन्हाळाभर हिंडला, आणि शेवटी त्याने पेट्यांत पांढऱ्या गारगोट्या भरल्या आणि माझ्या पाठीवर लादल्या.

"साहेब, यात सोनं कुठाय?" जरदादने विचारलं.

"तू उंट सांभाळ रे खाना, अक्कल मी सांभाळतो."

गाव जवळ आलं तसा हार्विकचा चेहरा उतरला. दगड तपासले की बिंग फुटणार! त्या दुपारी जरदाद नमाजाला उभा राहिला. नमाज संपेपर्यंत तो मागे वळून बघत नाही, हे हार्विकला पक्कं ठाऊक. त्याने माझा पायबंद सोडला आणि सणसणीत चाबूक हाणला. मी जनावर, उधळलो.

गावात हार्विक ओरडतोय, "सोनं मिळालं होतं हो! हा खान देवदेव करत बसला अन् उंट गेला!" चोर तो चोर, वर शिरजोर.

जरदादला कुणी काम देईना. माग काढत तो पायी आला. मी सापडलो, फुटक्या पेट्याही सापडल्या. माझ्या गळ्यात पडून म्हातारा रडला. "चल बाबा, आता दाखवू त्यांना." आम्ही त्या गारगोट्या नेऊन भर चौकात ओतल्या.

लोक खदखदून हसले. "हे राहू दे, खानसाहेब! खरं सोनं कुठं पुरलंस?"

पुढच्या हिवाळ्यात तो गेला, चोर म्हणूनच. अजून माझं रक्त उकळतं! मी आता दुसऱ्याच्या दावणीला आहे. हार्विकचं सोनं शोधायला दरसाल नवी टोळी येते, आणि तिची ओझी माझ्याच पाठीवर चढतात. माणसांनो, जरदादची अब्रूही इथेच हरवली. ती शोधायला आजवर एकही टोळी निघाली नाही.