सतरा-ब

आमच्या परवाना विभागात नियमांचं पुस्तक आहे, पण ते कपाटात असतं आणि कपाटाची किल्ली नियमकाकांच्या खिशात. ते आमचे हेडक्लार्क. पुस्तक त्यांना तोंडपाठ आहे असा सगळ्यांचा विश्वास, त्यामुळे ते उघडायची वेळ कोणावर आली नाही. काही अडलं की आम्ही विचारतो, ते डोळे मिटून आकडा सांगतात, आम्ही लिहितो. त्याहून सोपं म्हणजे 'मागच्या पत्राप्रमाणे'. जुनं पत्र काढायचं, नाव आणि तारीख बदलायची, सहीला पाठवायचं. नोकरीला लागले तेव्हा मला एवढं एकच काम शिकवलं आणि त्याच्यावर माझी अकरा वर्षं निघाली.

मग वरून आदेश आला. कृत्रिम बुद्धिमत्ता जबाबदारीने कशी वापरावी याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण, हजेरी सक्तीची. शिकवायला आली ती नियमकाकांची सख्खी भाची. लहानपणी तिला पाढे त्यांनीच शिकवले होते, तेही कान धरून. आता ती फळ्यापाशी उभी आणि मामा पहिल्या बाकावर. ती त्यांना 'सर' म्हणायची. ते तिला 'मॅडम' म्हणायचे, पण आधी खाकरून घ्यायचे.

"यंत्र लिहून देईल, पण सही तुमची," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "म्हणून वाक्य न् वाक्य वाचायचं. ज्याचा पुरावा हातात नाही ते खोडायचं. आणि अर्जदाराचं नाव-पत्ता यंत्राला द्यायचा नाही."

"सगळं वाचायचं?" आवक-जावकवाली माझ्या कानात कुजबुजली. "मग वेळ वाचणार कुठे?"

नियमकाका दोन दिवस हाताची घडी घालून बसले. तिसऱ्या दिवशी प्रत्येकाने एक खरी फाईल आणायची होती. त्यांनी माझ्या टेबलावरची शिवणवालीची उचलली. या बाईला घराच्या पुढच्या खोलीत शिवणाचं दुकान काढायचं होतं. दोनदा अर्ज केला, दोनदा नकार गेला: घराचे दार रस्त्याकडे उघडत असल्याने नियम सतरा-ब अन्वये परवाना देता येत नाही. हा तिसरा अर्ज. तिसरा नकारही मी टाइप करून ठेवला होता, फक्त सही बाकी होती.

"बघू, तुमच्या यंत्राला सतरा-ब सापडतो का," काका म्हणाले.

भाचीने नाव-पत्त्यावर पट्टी लावली आणि अर्जासोबत विभागाची जुनी पत्रंही यंत्राला दिली. चहाचा कप उचलेपर्यंत उत्तर पडद्यावर. भाषा इतकी गोड की हा नकार आहे हे शेवटच्या ओळीपर्यंत कळू नये. 'रस्त्याकडील दार आपण विटांनी बुजवल्याची नोंद घेतली आहे. तथापि नियम सतरा-ब अन्वये...'

"सापडला की," काका खूश होऊन म्हणाले. "हुशार आहे हं, मॅडम."

"पण दार बुजवलंय ना तिने? मग नकार कसला?" भाचीने विचारलं.

मी अर्ज उलटून पाहिला. मागच्या पानावर लिहिलं होतं: दोनदा तुम्ही दाराचंच कारण दिलंत, म्हणून दार बुजवलं, आता मागच्या बोळातून ये-जा करते आणि भर दिवसा दिवा लावून शिवते. नकार मी लिहिला होता, अर्ज मात्र मी वाचला नव्हता. यंत्राने निदान वाचला तरी. मला लाज वाटली. तिथे बोलले नाही, इथे सांगते आहे.

"सर, सतरा-ब पुस्तकात दाखवता का?"

"मला पाठ आहे."

"मलाही पाढे पाठ होते, मामा. तरी तुम्ही वहीत बघायचात."

काकांनी किल्ली काढली. पुस्तक झटकलं तेव्हा पहिल्या बाकावरच्या दोघी शिंकल्या. सतरा. सतरा-अ. मग एकदम अठरा. पानं चिकटली असतील म्हणून त्यांनी बोट ओलं करून पुन्हा उलटली. चिकटली नव्हती.

"म्हणजे यंत्र चुकलं," आवक-जावकवालीने निकाल देऊन टाकला, आणि सगळ्यांच्या खुर्च्या चहासाठी सरकल्या. भाची मामांकडे बघत राहिली. काकांनी नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं.

"यंत्र नाही चुकलं," ते म्हणाले. "आपल्याच पत्रांतून उचललं त्याने. वीस वर्षांपूर्वी रस्ता खोदला होता. तेव्हाचे साहेब म्हणाले, महिनाभर रस्त्याकडच्या दारांना परवाने नकोत, कुठलातरी नियम टाका. मी टाकला. महिन्याने रस्ता झाला, पत्र तसंच राहिलं."

खुर्च्या परत जागेवर आल्या.

परवाना त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. समोर जुनं पत्र नव्हतं, त्यामुळे चार ओळींना तास लागला. भाचीने वाचून तारीख चुकल्याचं दाखवलं, तीही त्यांनी मुकाट्याने दुरुस्त केली. साहेबांची सही झाल्यावर द्यायला स्वतः निघाले आणि मलाही बरोबर घेतलं.

शिवणवालीने कागद उभ्या उभ्या पूर्ण वाचला. त्या सगळ्या प्रकरणात न सांगता कागद वाचणारी ती एकटीच.

"आता कुठल्या नियमाने दिलात?"

"सोळा. पुस्तकात बघून लिहिलाय."

"आणि तो सतरा-ब?"

"तो नव्हताच, ताई."

ती काकांकडे न बघता विटांच्या भिंतीकडे बघायला लागली. "मग हे दार मी कशासाठी बुजवलं?"

काकांनी डोळे मिटले, पण या वेळी काही आकडा आला नाही. मला त्यांची फार दया आली, आणि तिची त्याहून जास्त. मग ते म्हणाले, "दार मी उघडून देतो."

रविवारी ते खरंच गवंड्याला घेऊन आले. भाची आली, मीही गेले. "पहिला घाव मीच घालणार," असं म्हणत काकांनी गवंड्याच्या हातून हातोडा घेतला आणि उगारला.

"थांबा, मामा," भाची म्हणाली. "भिंत हीच ना? तपासलीत?"

शिवणवाली खुदकन हसली. काका हसले नाहीत. त्यांनी हातोडा खाली ठेवला, खिशातून परवान्याची प्रत काढली, पत्ता मोठ्याने वाचला, घरावरच्या नंबराशी ताडून पाहिला, आणि मग घाव घातला.