ताणलेल्या दोऱ्यावरचा हात

मित्रांनो, मी एक जुना फौजी ट्रक आहे. हसू नका. मी सागवानी विटांचा आहे, माझं वजन जेमतेम तीन शेर भरेल आणि माझ्यात पेट्रोलचा थेंबही कधी पडलेला नाही, हे सगळं मला ठाऊक आहे. तरी मी साधासुधा ट्रक नाही, रिकव्हरी ट्रक आहे. चिखलात नाही तर नाल्यात मोटारी फसतात ना, त्यांना तारेने ओढून बाहेर काढणारी गाडी. दुसरे ट्रक माल वाहतात आणि आम्ही ट्रक वाहतो. एवढी एक बढाई मला मारू द्या. बाकी माझ्या आयुष्यात जे काही चांगलं घडलं ते दुसऱ्यांच्या उपकाराने घडलं, आणि तेच मला सांगायचं आहे.

वर्धा तालुक्यातलं आपलं हे आंजी मोठं गाव आहे. इथल्या याच बालवाडीत कमलाबाई शिकवत. त्यांनी नत्थूजी सुताराकडून मुलांसाठी खेळण्यातल्या विटा करून घेतल्या होत्या. दारं-खिडक्या करून उरलेले सागाचे तुकडे नत्थूजीने घासून गुळगुळीत केले. प्रत्येक विटेच्या डोक्यावर दोन खुंट्या आणि पोटाला दोन भोकं ठेवली, म्हणजे एकीवर दुसरी घट्ट बसावी. मुलं त्या विटांचे बंगले बांधत, विहिरी बांधत आणि दुपारी धडाधड पाडून घरी जात. माझा तेव्हा कुठे पत्ताच नव्हता.

या बालवाडीत जिजा नावाची पाच वर्षांची मुलगी होती. तिचे वडील मंगरू गावाबाहेरच्या फौजी मोटारींच्या तळावर खलाशी होते. खलाशी म्हणजे रिकव्हरी ट्रकबरोबर जाणारा, तार लावणारा आणि ड्रायव्हरला खुणा करणारा माणूस. सात वर्षं मंगरूने हे काम केलं. मग १९५३ च्या श्रावणात एका नाल्यावर ट्रक ओढताना त्याचा उजवा हात तारेत सापडला आणि तीन बोटं गेली. अंगठा आणि पहिलं बोट तेवढं उरलं. तळावर चौकशी झाली. ड्रायव्हर बाबारावने खूण मिळण्याआधीच गाडीचं रहाट सुरू करून तार फिरवली, असं ठरलं. बाबारावला गाडीवरून काढून मोटारी धुवायला लावलं आणि त्याला नोकरीवरूनच कमी करावं असा कागद वर गेला. मंगरूला मात्र साहेबाने फाटकावर चौकीदाराची जागा कबूल केली. दुसऱ्याच्या चुकीने जायबंदी झालेल्यालाच तशी जागा मिळे.

जागा मिळेपर्यंत मंगरू घरी बसून होता. कुणाशी बोलत नसे, हात धोतराच्या सोग्यात लपवी. जिजाने एकदा हट्ट धरला की बाबांनी तिला त्यांचा ट्रक विटांचा करून द्यावा. विटा घरी न्यायची परवानगी नव्हती. कमलाबाईंनी निरोप धाडला की विटा येणार नाहीत, पण बाबांना यायला कुणी अडवलेलं नाही. तीन दिवस मंगरू गेलाच नाही. चौथ्या दिवशी त्याची बायको भागाबाई त्याला म्हणाली, "घरात बसून भिंतीले पाहून राह्यले. तिथं बसून विटाले तरी पाहा."

तो आला आणि त्या दुपारी माझा जन्म झाला.

खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मी ट्रक कमी आणि चुलाण जास्त दिसत होतो. मंगरूला डाव्या हाताची सवय नव्हती आणि उजवा हात तो बाहेर काढायला तयार नव्हता. विटा निसटत होत्या. शेवटी चिडून त्याने उजवा हात सोग्यातून काढला, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत एक वीट धरली आणि खुंटीवर बरोबर बसवली. मग स्वतःच त्या हाताकडे बघत राहिला. माझं भाग्य असं की ती वीट माझीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांनी मला मोडलं. दुपारी मंगरूने पुन्हा बांधलं. असे माझे कितीतरी जन्म झाले. प्रत्येक जन्मात मी जरा बरा दिसू लागलो. पुढे बसायची खोली, मागे मोकळी पाठ, त्यावर मोटारी उचलायचा तिरपा दांडा. नत्थूजी येता-जाता बघायचा. एक दिवस त्याने सहा गोल चाकं आणून ठेवली, नंतर दांड्यासाठी खास निमुळत्या विटा कापून आणल्या. आणि मुलांनी काय केलं सांगू? त्यांनी मला मोडायचंच सोडून दिलं. माझ्यामुळे विटा कमी पडत. एका मुलीचा बंगला कितीतरी दिवस बिनछपराचा राहिला, पण तिने माझी वीट मागितली नाही. मित्रांनो, मी घडलो तो अशा उसन्या विटांवर. ते ऋण मी विसरलेलो नाही.

एक गोष्ट मात्र राहिली होती. माझ्या पाठीवर एक चौकट रिकामीच होती. तिथे तार गुंडाळायचं रहाट बसायचं होतं. मंगरू सगळं करी आणि त्या चौकटीपाशी आला की उठून घरी जाई. जिजाने एकदा सरळ विचारलं, "बाबा, हा मोटार वढते कशानं?" मोटार न ओढणाऱ्या रिकव्हरी ट्रकचा उपयोग तरी काय, असं मलाही वाटत होतं, पण बोलतो कशाला.

शेवटी त्याने ते केलं. शिवणाच्या दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ चौकटीत बसवलं, त्याला वाकवलेल्या तारेची मूठ लावली. कमलाबाईंनी टकळीवर काढलेलं सूत चार पदरी वळून दिलं. खिळा वाकवून आकडा केला. मागे पत्र्याचे दोन फाळ लावले. ओढताना गाडी स्वतःच मागे घसरू नये म्हणून खऱ्या ट्रकलाही असे फाळ असतात आणि ते जमिनीत रुततात. मग अंगणात काळ्या मातीचा चिखल करून त्यात विटांनी भरलेला डबा रुतवला आणि माझा आकडा त्याला अडकवला. मंगरूने मूठ फिरवायला घेतली. दोरा ताठ झाला. माझं सारं अंग करकरलं, पण मी जागचा हललो नाही. आयुष्यातलं माझं ते पहिलं खरं काम होतं.

एवढ्यात जिजाने पुढे होऊन ताणलेल्या दोऱ्यावर तळहात ठेवला.

मंगरूने तिचा हात इतक्या जोरात झटकला की ती मागे पडली. ती रडली नाही, रागावली. म्हणाली, "आजा मोटेच्या नाड्यावर असाच हात ठेवते. मोट भरली का नाई ते समजते."

मित्रांनो, बैलांनी विहिरीची मोट ओढताना तुम्ही पाहिलं असेल. मोट भरून वर येऊ लागली की जाड नाडा थरथरतो. शेतातली माणसं त्यावर हात ठेवून ओझं ओळखतात. चालता येऊ लागल्यापासून मुलं ते बघतात आणि कुणी न शिकवता तसंच करू लागतात. मंगरूने मूठ सोडून दिली. जिजाने नुकतं जे केलं, तेच त्याने नाल्यावर केलं होतं.

त्या संध्याकाळी त्याने भागाबाईला खरं सांगितलं. त्यानेच खूण केली होती, म्हणून बाबारावने तार फिरवली. ट्रक हलतो की नाही हे कळावं म्हणून मंगरूने तारेवर हात ठेवला. तारेचा एक धागा तुटून काट्यासारखा उभा राहिला होता, तो बाहीत अडकला आणि हात ओढत घेऊन गेला. दवाखान्यात साहेबाने विचारलं तेव्हा त्याला लाज वाटली. सात वर्षांच्या खलाशाने असं करावं? ड्रायव्हरने खुणेआधी तार फिरवली का, असं साहेबाने विचारल्यावर तो गप्प राहिला आणि त्या गप्पपणाचाच होकार झाला. खरं सांगितलं तर आता फाटकावरची जागा जाणार होती. भागाबाईने ते सगळं ऐकून घेतलं. तिलाही ती जागा हवी होती, त्या पगारावरच तर घर चालायचं होतं. तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "बाबारावच्या घरीबी चूल हाये." सकाळी तिनेच कमलाबाईंना विचारून मला टोपलीत ठेवलं.

मंगरू टोपली घेऊन तळावर गेला. तिथला साहेब दूरच्या मुलखातला होता. मंगरूने मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं, आणि गंमत बघा, साहेबाचा विश्वासच बसेना. फिरत्या तारेला कुठला शहाणा माणूस हात लावील? दोस्ताला वाचवायला तू खोटं बोलतोस, असं तो म्हणाला. खिडकीबाहेर बाबाराव बादली घेऊन उभा होता. त्याला सगळं ऐकू येत होतं.

मंगरूने मला टोपलीतून काढून साहेबाच्या टेबलावर ठेवलं. आकडा कागदांवरच्या लोखंडी ठोकळ्याला अडकवला आणि नुकतेच लागलेले तीन खलाशी बोलवायची विनंती केली. तिघेही शेतातून आलेले. मंगरू त्यांना एवढंच म्हणाला, "वढा." पहिला आला रूपराव. त्याने उजव्या हाताने मूठ फिरवली, दोरा ताठ झाला आणि त्याचा डावा तळहात आपोआप दोऱ्यावर गेला. दुसऱ्याने तेच केलं आणि तिसऱ्यानेही. मग साहेबाने स्वतः मूठ फिरवून पाहिली. त्याचा दुसरा हात कमरेवरच राहिला. त्या बिचाऱ्याने जन्मात कधी मोट हाकली नव्हती. त्याने तिघांच्या हातांकडे पाहिलं, मंगरूच्या हाताकडे पाहिलं आणि खुर्चीवर बसला.

मंगरूला त्या दिवशी बोलणी खावी लागली आणि ती रास्तच होती. फाटकावरची जागा गेली. पंधरा दिवस काही निरोप आला नाही. मी साहेबाच्या टेबलावर धूळ खात पडलो होतो, पण तक्रार करणार नाही, कारण रोज कुणीतरी नवा माणूस मला हात लावून जाई आणि साहेब त्याला तिथल्या तिथे समजावी. मग मंगरूला बोलावणं आलं. आता त्याचं काम ठरलं, गाडीसमोर उभं राहून खुणा करायच्या आणि नव्या खलाशांना माझ्यावर काम शिकवायचं. बाबाराव पुन्हा ट्रकवर बसला होता.

बाबारावने लगेच गळ्यात गळा घातला असं मी सांगणार नाही. कितीतरी दिवस तो मंगरूशी बोलला नाही. बोलला तेव्हा एकच वाक्य बोलला, "तोंड उघडाले तुले सहा महिने लागले." मंगरू म्हणाला, "लागले, भाऊ."

मग भादव्यात जाम गावाच्या वाटेवर एक ट्रक पुरात फसला. निघताना बाबारावने टेबलावरून मला उचललं आणि आपल्या समोरच्या काचेपाशी ठेवलं. म्हणून पुढचं मी स्वतः पाहिलं. तार लावून झाली होती, इंजिन चालू होतं, मंगरू समोर उभा राहून खूण करत होता. बाबाराव तार फिरवेना. त्याने खिडकीतून डोकं काढलं आणि ओरडला, "मंगरू, हात दाखव."

मंगरूने दोन्ही हात डोक्यावर उंच धरले. एक पुरा आणि एक दोन बोटांचा. इतके दिवस सोग्यात लपवलेला तो हात त्याने सगळ्यांसमोर वर धरला होता. बाजूला उभ्या रूपरावने आपले हात वर केले, बाकीच्यांनीही केले. सगळे हात मोजून झाल्यावरच बाबारावने तार फिरवली. ट्रक निघाला. परतीच्या वाटेवर दोघं एकाच विडीच्या कट्ट्यातून विड्या ओढत आले आणि धुराने मला ठसका लागायची वेळ आली.

तेव्हापासून त्या तळावर हीच रीत पडली. आधी हात दाखवायचे आणि मगच तार फिरवायची. पुढे तळ दुसरीकडे हलला. तोवर तिथे कुणाचं बोट गेलं नाही. मंगरूने मला इथे बालवाडीत परत आणलं, आता मी तुमच्यात राहतो. जिजा मोठ्या शाळेत जाते, पण वाटेत मला बघून जाते.

तर मित्रांनो, माझं एवढं ऐका. मला चिखलात घाला, डबे ओढायला लावा, माझ्या अंगावर चढा, मला आनंदच आहे. माझी एखादी वीट हरवली तर नत्थूजी तासाभरात दुसरी करून देतो. बोट करून देणारा सुतार मात्र मला अजून भेटलेला नाही. आता ती मूठ फिरवायची आहे ना? मग आधी सगळ्यांनी दोन्ही हात वर करा पाहू.