वजीर चुकीच्या घरात

मी तोंडाची फटकळ, पण त्या दिवशी माझी दातखीळ बसली. तीन वर्षं घरी काढल्यावर मिळालेली नोकरी, आणि काम काय, तर बुद्धिबळ खेळणाऱ्या कॉम्प्युटरचा हात व्हायचं. तो पडद्यावर खेळी दाखवणार, मी पटावर मोहरा सरकवणार, समोरच्याची खेळी टाइप करणार. साहेबांनी बजावलं होतं, "समोरच्याची एक जरी तक्रार आली, तर उद्यापासून येऊ नका."

समोर होते भूगोलाचे सर. निवृत्त झालेले, खिशाला अजून दोन पेनं. साहेबांचं बजावणं त्यांच्याही कानावर गेलं होतं. पहिला डाव हरले होते, हा शेवटचा. पंचबाईंनी सकाळी नियम वाचून दाखवले, तेव्हा मी नुसती मान डोलावली. लक्ष कुणाचं होतं!

पडद्यावर पट पांढऱ्यांच्या बाजूने दिसतो आणि मी बसलेली काळ्यांच्या बाजूला. म्हणजे तिथलं उजवं ते माझं डावं. बावीस खेळ्या मनातल्या मनात उलट्या करून नीट खेळले. तेविसाव्या वेळी पडद्यावर वजीर उजवीकडे गेला आणि मीही सरळ माझ्या उजवीकडे ढकलला. थेट सरांच्या घोड्याच्या तोंडी! घड्याळाचं बटण दाबलं आणि मग डोक्यात प्रकाश पडला.

आता सर फुकटात वजीर मारणार आणि जिंकणार. पडद्यावरचा वजीर गुपचूप तिथे सरकवायला मला येत होतं, म्हणजे चूक कुणाला कळलीच नसती. यंत्र काय भांडायला येणार होतं? पण माझं मन धजेना.

सर मात्र हलेनात. एरवी दोन मिनिटांत खेळणारा माणूस! पाच मिनिटं झाली, आठ झाली, अकरा झाली. घड्याळ त्यांचं चाललेलं, आणि ते हनुवटीवर हात ठेवून मधूनच माझ्याकडे बघत होते. अहो, मारा की एकदाचा! मला बसवेना. गेली खड्ड्यात नोकरी म्हणत मी उठले.

"पंचबाई, माझं चुकलं. वजीर दुसऱ्या बाजूला जायचा होता."

बाईंनी पडदा पाहिला, वजीर उचलून योग्य घरात ठेवला.

"सरांच्या खेळीआधी आपणहून सांगितलंत ना? मग दुरुस्ती झाली, तक्रार नाही. त्यांनी दाखवलं असतं, तर मात्र तक्रार लिहावी लागली असती. सकाळी वाचला होता की हा नियम."

"म्हणजे मी उद्या यायचं?"

"न यायला काय झालं?"

हुश्श! जिवात जीव आला. भर हॉलमध्ये रडूच फुटलं मला.

बाई सरांकडे वळल्या. "तुमची अकरा मिनिटं घड्याळात परत टाकते."

"नको. चूक मला पहिल्याच मिनिटाला दिसली होती. बाकीची दहा मी माझ्या मर्जीने घालवली."

पुढे वेळेपायी सरांची फार ओढाताण झाली. मी प्रत्येक घर बोटाने दोनदा मोजत होते. शेवटी डाव बरोबरीत सुटला, सरांकडे जेमतेम वीस सेकंद उरले होते.

खुर्च्या मागे सरकल्या तेव्हा मला राहवलं नाही. "सर, जिंकायचं नव्हतं का हो तुम्हाला?"

"नव्हतं कसं? आज झोप लागायची नाही मला," ते हसले. "पण मी त्याला हरवायला आलो होतो बाई, तुम्हाला नाही."